टाकीवर बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर चुकतो कुठे?

प्रश्न (थोडक्यात): गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीतली पातळी एचसी-एसआर०४ (प्रतिध्वनीवरून अंतर काढायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर) आणि आर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरून मोजतो आहे. टेबलावर रीडिंग बरोबर येते. टाकीवर बसवल्यावर मात्र पाणी तेवढेच असूनही दुपारी पातळी तीन-चार सेंटिमीटरने वाढलेली दिसते. मोटर चालू झाली की आकडे उड्या मारतात, मधूनच शून्य येते, आणि दहा रीडिंगची सरासरी काढली तर अजूनच बिघडते. कॉलेजमध्ये हाच प्रोजेक्ट ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर करून दाखवायचा आहे. तिथे अंतर कायम कमी येते. वेळेला ५८ ने भागतो आहे. सूत्रच चुकीचे आहे का?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे, पण ते कुठल्या परिस्थितीत बरोबर आहे हे कोणी सांगत नाही. तुमच्या तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि सगळे काही सेंटिमीटरमध्ये बघत असल्यामुळे ती एकमेकांत मिसळली आहेत. म्हणून आधी एक बदल करा: सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे संगणकावर दाखवणारी खिडकी) सेंटिमीटरच्या शेजारी इको पल्सची कच्ची लांबी, म्हणजे मायक्रोसेकंद, तशीच्या तशी छापा. हा सेन्सर अंतर मोजतच नाही. तो वेळ मोजतो आणि अंतर आपण काढतो. त्यामुळे गडबड वेळेत आहे की हिशेबात, हे त्या कच्च्या आकड्यावरूनच कळते.

मोजमाप होते कसे, ते भरभर सांगतो. ट्रिग पिन (मोजणी सुरू करायची पिन) किमान १० मायक्रोसेकंद हाय ठेवली की मॉड्यूल ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडते. ते सोडून झाले की इको पिन हाय होते आणि प्रतिध्वनी परत आला की लो होते. इको पिन जितका वेळ हाय राहिली, तितका वेळ आवाजाला जाऊन यायला लागला. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो असे धरले, तर एक सेंटिमीटर जाऊन-येऊन ५८ मायक्रोसेकंद लागतात. तुमचा ५८ तो हाच.

दुपारची तीन-चार सेंटिमीटर

हवेतला आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले सेल्सिअसमधले तापमान, एवढ्यावर आपले काम भागते. उत्तर मीटर प्रति सेकंदात येते. २० अंशाला ३४३.४ आणि ४० अंशाला ३५५.५. म्हणजे ५८ हा आकडा साधारण २२ अंशांच्या खोलीतला आहे. पंख्याखाली टेबलावर तो बरोबर ठरला यात नवल नाही.

आता टाकीचा हिशेब करा. पाणी सेन्सरपासून ११० सेंमी खाली आहे असे धरू. २२ अंशाला इको पल्स साधारण ६३८० मायक्रोसेकंदांची येईल आणि ५८ ने भागून ११० मिळतील. ४० अंशाला तोच पल्स ६१९० च्या आसपास येतो, भागाकार १०६.७. आवाज लवकर परत आला, म्हणून पाणी जवळ आले असे प्रोग्रामला वाटले. पातळी ३.३ सेंमीने 'वाढली'. टाकीचा व्यास ११० सेंमी असेल तर एका सेंटिमीटरला ९.५ लिटर, म्हणजे बसल्या जागी तीसेक लिटर पाणी तयार! आणि हे ४० अंशांचे झाले. काळ्या टाकीच्या झाकणाखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ ओलांडतो, तिथे चूक चार सेंमीच्या पुढे जाते.

तापमानाची चूक ओळखायची खूण अशी की ती अंतराच्या प्रमाणात वाढते. टाकी जवळपास भरलेली असताना, समजा अंतर २५ सेंमी असताना, हीच चूक पाऊण सेंटिमीटर होते आणि लक्षातही येत नाही. उलट सेन्सर झाकणात थोडा वर-खाली बसला असेल, तर चूक रिकाम्या आणि भरल्या टाकीला सारखीच येते. म्हणून एकाच ठिकाणी टेप लावून 'दोन सेंटिमीटर वजा करा' असे कोडमध्ये लिहू नका. टाकी जवळपास भरलेली आणि जवळपास रिकामी अशा दोन ठिकाणी टेपने मोजा. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर तो वजाबाकीने सुटेल. अंतराबरोबर वाढत असेल तर वेग दुरुस्त करावा लागेल.

वेग दुरुस्त करायला डीएस१८बी२० हा एक तापमानाचा सेन्सर पुरे. त्याची चूक नेहमीच्या तापमानात अर्ध्या अंशाच्या आत असते, आणि एका अंशाने वेग जेमतेम ०.१८ टक्के बदलतो. तेवढ्याने आपले काही अडत नाही. तो टाकीच्या आत, झाकणाच्या जरा खाली हवेत लोंबकळत ठेवा. बाहेर उन्हात लावलात तर उन्हाचे तापमान मिळेल, टाकीतल्या हवेचे नाही. वर गरम आणि पाण्यालगत गार असा थर टाकीत असतोच, त्यामुळे मिलिमीटरची अपेक्षा धरू नका. आर्द्रतेचीही काळजी नको: टाकीतली हवा दमट असते, पण त्याने पडणारा फरक एक टक्क्याच्या आसपासच राहतो. मग कोडमध्ये ५८ काढून टाका. वेग सेंमी प्रति मायक्रोसेकंदात घ्या (वरच्या सूत्राचे उत्तर भागिले १०,०००), त्याला वेळेने गुणा आणि निम्मे करा.

शून्य म्हणजे शून्य अंतर नव्हे

पल्सइन हे फंक्शन ठरलेल्या वेळात पूर्ण पल्स मिळाला नाही तर शून्य परत देते. अर्थ एवढाच की उत्तर आले नाही. तुम्ही त्याला अंतर समजून सरासरीत घेता आणि तिथेच घात होतो. ८२, ८३, ८२, ०, ८३ या पाचांची सरासरी ६६ येते. पाण्यापर्यंतचे अंतर कधीच ६६ नव्हते. जो आकडा कोणत्याच रीडिंगमध्ये नाही तो तुम्ही डिस्प्लेवर दाखवलात. शून्ये आधी बाजूला काढा. उरलेली रीडिंग चढत्या क्रमाने लावा आणि मधले घ्या. मध्यक काढल्यावर एखादे चुकार २१० आले तरी ते टोकाला जाऊन बसते आणि उत्तराला धक्का लागत नाही. पाच रीडिंग पुरतात. पाचातली तीन शून्ये असतील तर त्या फेरीत आकडा दाखवूच नका, 'सेन्सर तपासा' असे लिहा.

पल्सइनला वेळेची मर्यादा दिली नाही तर ते पूर्ण एक सेकंद वाट बघत बसते आणि तोवर उनो दुसरे काहीच करत नाही. ३०,००० मायक्रोसेकंद द्या, म्हणजे पाच मीटरपर्यंतची सोय झाली. इथे एक बारीक गोष्ट अशी की प्रतिध्वनी आलाच नाही तर डेटाशीटप्रमाणे इको पिन सुमारे ३८ मिलिसेकंद हायच राहते, आणि बाजारातल्या काही नकली बोर्डांवर त्याहून कितीतरी जास्त. तुमचा प्रोग्राम कंटाळून बाहेर पडला तरी सेन्सर अजून आधीच्याच कामात असतो. लगेच पुढचा ट्रिगर दिला तर तो वाया जातो किंवा पुढची मोजणी अर्धवट पल्सवर सुरू होते. म्हणून दोन मोजण्यांत किमान ६० मिलिसेकंद ठेवा. बंद टाकीत याचा दुसराही फायदा आहे: आवाज पाणी आणि झाकण यांच्यामध्ये अनेकदा आपटतो, आणि आधीच्या ठोक्याचा उरलासुरला प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत शिरतो. ६० मिलिसेकंदांत तो विरून जातो. पाणी हलत नसताना अचानक भलतेच कमी अंतर दिसू लागले तर आधी दोन मोजण्यांमधला वेळ वाढवून बघा.

अधूनमधून उणे ४७० सारखे आकडे दिसले तर ते सेन्सरचे पाप नाही. उनोवर इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ च्या पुढे मावत नाही. ३८,००० मायक्रोसेकंद त्यात कोंबले की ते उणे होतात. वेळ कायम अनसाइन्ड लाँग या मोठ्या, उणे न होणाऱ्या प्रकारातच घ्या.

मोटर चालू झाली की

इथे दोन संशयित आहेत आणि दोघांचा उपाय वेगळा, म्हणून आधी खरा कोण ते ठरवा. सेन्सर आणि उनो दोन्ही पॉवर बँकवर चालवा आणि मोटर लावा. उड्या थांबल्या तर दोष सप्लायचा. थांबल्या नाहीत तर बहुतेक वेळा तो पाण्याचाच असतो.

सप्लायचा असेल तर सेन्सरच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये, अगदी सेन्सरच्या पायाशी, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि तुमचा ५ व्होल्टचा अॅडॉप्टर एकाच बोर्डावर असतील तर वेगळे करा. आणि गच्चीवरून तळमजल्यापर्यंत ट्रिग-इकोच्या लांब वायरी ओढल्या असतील तर तो मार्ग सोडा. मोजायची चीज मायक्रोसेकंदांची, आणि तिला मोटरच्या केबलशेजारून पंधरा मीटर पळवायचे, हे काही खरे नाही. मायक्रोकंट्रोलर टाकीजवळच ठेवा आणि खाली फक्त तयार आकडा पाठवा; लांब वायरीवर चालणाऱ्या आरएस-४८५ ने पाठवा नाहीतर वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड लावून वायफायने. ईएसपी३२ घेतलात तर लक्षात ठेवा, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि इको पिन ५ व्होल्ट देते. १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) मध्ये लावा. न लावताही काही दिवस चालते, म्हणूनच लोक लावत नाहीत.

दोष पाण्याचा असेल तर झाकण उघडून बघा, वरून पडणारी धार सेन्सरच्या समोर येते का. डेटाशीटमध्ये मोजण्याचा कोन १५ अंश दिलेला असतो. तो प्रत्येक बाजूला धरला तर ११० सेंमी खाली झोताची त्रिज्या ३० सेंमीच्या आसपास होते. त्या वर्तुळात धार, फ्लोट वाल्वचा दांडा, टाकीच्या भिंतीवरच्या वळ्या किंवा आत उतरणारा पाइप यातले काहीही आले तर पहिला प्रतिध्वनी त्याचाच येतो, आणि हा सेन्सर पहिल्या प्रतिध्वनीवर समाधानी होतो. सेन्सर इनलेटपासून लांब सरकवा, पण भिंतीलाही चिकटवू नका. बहुतेक टाक्यांचे झाकण नेमके इनलेटच्या जवळ असते आणि लोक सोपे म्हणून तिथेच भोक पाडतात.

जागाच मिळत नसेल तर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप टाकीत उभा सोडा आणि सेन्सर त्याच्या तोंडाशी बसवा. पाइपातले पाणी शांत राहते, धार बाहेर पडते. पाइप एकसंध घ्या. मध्ये कपलर जोडला तर त्याच्या कडेवरून ठराविक अंतराचा खोटा प्रतिध्वनी येत राहतो. कापलेल्या कडा कानसीने घासा. खाली पाणी आत यायला भोके हवीतच, पण वर पाण्याच्या सर्वांत उंच पातळीच्याही वर हवेसाठी एक भोक ठेवा. ते विसरले तर आतली हवा कोंडते आणि पाइपातली पातळी टाकीपेक्षा वेगळी राहते. मग सेन्सर अगदी बरोबर मोजेल, पण भलत्याच पाण्याचे.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसाच. जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो. कापड, स्पंज, तिरपी भिंत यांच्यासमोर हाच सेन्सर रडकुंडीला येतो. पण आरसा असल्यामुळेच सेन्सर पाण्याला काटकोनात हवा. झाकण घुमटाकार असते आणि सेन्सर त्यावर थेट चिकटवला की तिरपा बसतो, मग प्रतिध्वनी बाजूला निघून जातो आणि शून्यांची रांग लागते. स्पिरिट लेव्हल लावून बसवा.

८०५१ वर अंतर कमी का येते

ही सगळ्यात सोपी तक्रार आहे. तुमच्या किटवरचा क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) बघा. त्यावर ११.०५९२ (मेगाहर्ट्झ) लिहिलेले असणार. सीरियल पोर्टला ९६०० बॉड हा वेग अचूक मिळावा म्हणून आपल्याकडच्या बहुतेक किटवर तोच असतो. जुन्या ८०५१ मध्ये एका मशीन सायकलला क्रिस्टलचे बारा ठोके लागतात, त्यामुळे १२ मेगाहर्ट्झला टायमरचा एक अंक म्हणजे बरोबर १ मायक्रोसेकंद, पण ११.०५९२ ला तो १.०८५ मायक्रोसेकंद होतो. तुम्ही टायमरच्या अंकांनाच मायक्रोसेकंद समजून ५८ ने भागता, म्हणून १०० सेंमीचे ९२ दिसतात. भाजक ५८ ऐवजी ५३.५ हवा. ८०५१ वर अपूर्णांकांचे गणित जड जाते. मोजणीची दुप्पट करून १०७ ने भागा, तेच झाले. फक्त ३२,७६७ च्या वरची मोजणी त्याआधीच बाद करा, नाहीतर दुप्पट केल्यावर १६ बिटांत मावणार नाही.

टायमर चालू-बंद करण्यासाठी तुम्ही इको पिन लूपमध्ये तपासत असाल, तर ८०५१ मध्ये याहून नेटकी सोय आहे. इको पिन पी३.२ ला, म्हणजे चाळीस पायांच्या चिपच्या १२ नंबरच्या पायाला जोडा. टीमॉड (टायमर कसा चालावा ते ठरवणाऱ्या) रजिस्टरमध्ये हेक्स ०९ भरा: टायमर शून्य, मोड एक, आणि गेट बिट चालू. टायमरची दोन्ही रजिस्टरे शून्य करा, टीआर-झिरो (टायमर चालू करायचा बिट) सेट करा आणि ट्रिगर द्या. आता पी३.२ हाय असेल तेवढाच वेळ टायमर पळतो आणि लो झाली की आपोआप थांबतो. लूपला लागणारा वेळ मोजणीत मिसळतच नाही. गेट बिट असतो कशासाठी, असे वर्गात कोणी विचारत नाही. विचारले तर हे उदाहरण सांगा. एवढेच बघा की इको हाय होण्याची वाट बघणाऱ्या लूपला मर्यादा असावी. सेन्सरची वायर निघाली तर प्रोग्राम तिथेच अडकून बसेल.

उनोवर असेच बारीक काम करायचे असेल तर टायमर-१ चे इनपुट कॅप्चर (पिन बदलल्याची वेळ हार्डवेअरनेच टिपण्याची सोय) आठ नंबरच्या पिनवर मिळते. टाकीसाठी त्याची गरज नाही. पल्सइनची पायरी ४ मायक्रोसेकंदांची धरली तरी ती मिलिमीटरपेक्षा कमी भरते. तुमच्या चुका त्याच्या कितीतरी पट मोठ्या आहेत.

पुढे काय घ्यावे

एचसी-एसआर०४ चे दोन डबे उघडे असतात. टाकीतल्या वाफेने त्यांच्यावर थेंब साचतात, पाय गंजतात आणि सेन्सर हळूहळू बहिरा होतो. प्रोजेक्टच्या परीक्षेपुरता चालेल, घरी कायमचा लावायला नको. जेएसएन-एसआर०४टी वॉटरप्रूफ आहे, पण त्यात बोलायला आणि ऐकायला एकच ट्रान्सड्यूसर असल्याने २० ते २५ सेंमीच्या आतले त्याला दिसत नाही. तो बसवायचा तर झाकणावर तेवढी उंची काढावी लागते, नाहीतर टाकी भरत आली की नेमके तेव्हाच आकडे बिघडतात. ए०२वायवाययूडब्ल्यूची आंधळी जागा ३ सेंमीच आहे आणि तो अंतर थेट सीरियलवर देतो. महाग आहे, पण मी तोच सुचवेन. लेझरचा व्हीएल५३एल०एक्स घ्यायच्या भानगडीत पडू नका. स्वच्छ पाण्यावर त्याचा प्रकाश काही परततो, काही आत शिरतो, आणि रीडिंगचा भरवसा राहत नाही.

मोटर आपोआप बंद करायची असेल तर ती फक्त या सेन्सरच्या जिवावर सोडू नका. वरच्या पातळीला साधा फ्लोट स्विच ठेवा आणि तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडा, म्हणजे प्रोग्राम अडकला तरी मोटर थांबेल. कोडमध्येही सलग काही फेऱ्या उत्तर आले नाही तर मोटर बंदच राहावी, चालू नव्हे.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक अचूकता विचारतील. डेटाशीटमधले '३ मिलिमीटर' सांगून मोकळे होऊ नका. ४० किलोहर्ट्झचा एक ठोका २५ मायक्रोसेकंदांचा असतो. प्रतिध्वनी क्षीण झाला की सर्किट पहिल्याऐवजी पुढच्या ठोक्याला जागे होते, आणि रीडिंग एकदम ४.३ मिमीने सरकते. सीरियल मॉनिटरवर कच्चे मायक्रोसेकंद बघत असाल तर साधारण २५ च्या या उड्या तुम्हाला दिसतील. म्हणून तापमान दुरुस्त केलेल्या, नीट बसवलेल्या सेन्सरसाठी 'एका सेंटिमीटरच्या आत' म्हणा आणि ती उडी मॉनिटरवर दाखवा.